डोलकाठीचं माप

सोमवार, ३ मार्च

डॉक्टर म्हणाले, मनात येईल ते वहीत लिहून काढत जा, रक्तदाब उतरेल. मला वाटतं त्यांना दर आठवड्याला माझं ऐकून घ्यायचा कंटाळा आला असावा. असो. वही कापडवाल्याने दिलेली आहे आणि कोरी आहे.

माझं शिक्षण चौथी. पाचवीत नाव घातलं होतं, पण तो वर्ग वरच्या मजल्यावर भरायचा आणि मला जिन्याची भीती वाटायची. तरी अक्षर बरं आहे. पन्नास वर्षं मापाची वही लिहिली, त्याने वळण आलं.

मी टेलर. कोट हे माझं खास काम. गिऱ्हाईक दारातून टेबलापर्यंत येईतो त्याची छाती, कंबर आणि खांदा माझ्या मनात मांडून झालेला असतो. गळ्यातली टेप गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून. सगळे मला मास्तर म्हणतात ते उगीच नाही.

आज लिहायचं कारण असं की चिरंजीवांनी माझी कात्री कपाटात ठेवून कुलूप लावलं, त्याला तीन आठवडे झाले. कारण तीन कोट. पहिला नोटरीसाहेबांचा. चिरंजीव भर दुकानात म्हणाले की या कोटात नोटरी आणि त्यांचा कारकून एकाच वेळी जाऊ शकतील. दुसरा दाताच्या डॉक्टरांचा, तिसरा हेडमास्तरांचा. तिन्ही ढगळ. पोट मोठं झालं तर आत घेता येतं, पण खांदा मोठा कापला गेला की कोट गेला. तिन्हींचे खांदे गेले.

हे सगळं त्या दीड महिन्यात झालं, जेव्हा आमच्या हिचं उजवं मनगट मोडलं होतं आणि ती घरी होती. ही दुकानात काज-बटण आणि तुरपाई करते. शिवाय मी कापडावर खडूने आखलं की ती माझ्या रेघांवरून पुन्हा एकदा खडू फिरवते, पुसट होऊ नयेत म्हणून. पहिल्यापासूनची सवय आहे तिची. मी चिरंजीवांना म्हणालो, घरात दुखणं असलं की माणसाचं लक्ष थाऱ्यावर राहत नाही. ते म्हणाले, "बाबा, मनगट आईचं मोडलं होतं. तुमच्या डोळ्यांना काय झालं होतं?"

डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत. चिरंजीवांची निराशा झालेली दिसली. माझीही थोडी झाली. मोतीबिंदू निघाला असता तर काढता आला असता.

बुधवार, ५ मार्च

मी दिवसभर घरात येरझाऱ्या घालतो आणि पंख्याचा आवाज बदललाय का ते विचारतो, म्हणून नातीने जुन्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला. पाणबुडीचा. आपण पाण्याखाली असतो, वर दुर्बीण काढायची, लांबवर जहाज दिसतं, त्यावर टॉर्पेडो सोडायचा. मी खरा समुद्र कधी पाहिलेला नाही. खेळातला पाहूनच मी खुर्चीचे दोन्ही हात धरले.

गोम अशी की जहाज किती लांब आहे ते आपण ठरवायचं. नात म्हणाली, "आजोबा, या पाणबुडीला रडार नाहीये. जुन्या काळातली आहे. अंतर नजरेने काढायचं."

मी म्हणालो, "मग मला कसली शिकवणी देतेस? नजरेनेच तर जन्म काढला."

तरी तिने रीत दाखवली. दुर्बिणीच्या काचेवर बारीक रेघा असतात. जहाजाची डोलकाठी पाण्यापासून टोकापर्यंत किती रेघा भरते ते मोजायचं. मग तिने मराठीत उतरवून दिलेल्या जहाजांच्या वहीत बघायचं की या जातीच्या जहाजाची डोलकाठी किती मीटर उंच असते. उंचीला रेघांनी भागायचं आणि पुढे दोन शून्यं. अठ्ठावीस मीटरची डोलकाठी दोन रेघा भरत असेल तर जहाज चौदाशे मीटरवर. म्हणजे गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे उभं असताना त्याची पँट मोजण्यातलाच प्रकार.

शुक्रवार, ७ मार्च

दोन दिवसांत अकरा टॉर्पेडो सोडले. एकही लागला नाही. एकाही जहाजावरच्या लोकांनी बहुधा मला पाहिलंही नसेल.

मी माझी रीत लिहून ठेवतो, म्हणजे चूक कुणाची ते कळेल. एक, लांबून अंधुक दिसणारं जहाज मी मोठ्या जातीचंच धरतो. लहान समजून बेसावध राहिलो आणि मोठं निघालं तर? दोन, वहीतल्या उंचीत मी दोन मीटर माया धरतो. कापड कापताना शिवणीसाठी कडेने जास्तीचं सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. कापड कमी पडलं तर करता काय? जास्त झालं तर आत दुमडता येतं. या दोन्ही गोष्टींत मला तरी चूक दिसत नाही. खेळात दोष असावा.

रविवार, ९ मार्च

दोन बातम्या. एक बरी, एक वाईट.

बरी अशी की वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाणबुडी मंडळ आहे असं कळलं. सात निवृत्त माणसं हाच खेळ खेळतात. आज जाऊन आठवा झालो. सातांपैकी पाच जण आजवर अध्यक्ष होऊन गेलेत. सध्याचे अध्यक्ष पाणीपुरवठा खात्यातले. पाण्याचा अनुभव म्हणून एकमताने निवड झाली. त्यांना पोहता येत नाही, पण तो विषय बैठकीत कुणी काढत नाही. चिटणीस म्हणजे भूमितीचे सर. त्यांच्या मते रडार वापरणं म्हणजे गाईड घेऊन परीक्षेला बसणं, त्यामुळे मंडळात रडारचं नाव काढायचं नाही. आजच्या बैठकीत दुर्बिणीसमोर बसताना टोपी घालावी की नाही यावर दीड तास चर्चा झाली. पुढच्या बैठकीत टोपीच्या रंगावर होईल. माझं शिक्षण अध्यक्षांनी आपणहून मॅट्रिक धरलं. मी नाही म्हणालो नाही. तेवढी सवड मिळाली नाही.

वाईट बातमी अशी. नातीचं लग्न वीस एप्रिलला आहे. नवऱ्या मुलाच्या कोटाचं कापड आलं. गडद निळं, जड, हात लावल्यावर कळतं असं. तेवढाच एक तुकडा, तसं पुन्हा मिळणार नाही. मी टेबलावर पसरू लागलो तर चिरंजीवांनी घडी घातली. म्हणाले, कोट चौकातला बटण कापेल.

बटण म्हणजे माझाच शिष्य. सात वर्षं माझ्या हाताखाली होता. शिकत असताना एकदा बटण गिळलं होतं, तेव्हापासून हे नाव. आता त्याच्या दुकानाला काचेचा दरवाजा आहे. माझ्या नातीच्या लग्नात, माझ्या नातजावयाच्या अंगावर, बटणाने कापलेला कोट. लोक मला विचारतील तेव्हा मी काय सांगू? माझी कात्री कपाटात आहे म्हणून सांगू?

जेवण गेलं नाही. हिने दोनदा वाढून पाहिलं, मग माझं ताट स्वतःकडे ओढून घेतलं.

मंगळवार, ११ मार्च

आज ही शेजारी येऊन बसली. मनगट आता बरं आहे, पण वजन उचलवत नाही. म्हणाली, "तुमचं नुसतं च्यक् च्यक् स्वयंपाकघरात ऐकू येतं. काय अडलंय?"

मी काम वाटून दिलं. मी दुर्बिणीतून बघणार आणि आकडा सांगणार. वहीत बघणं आणि आकडा टाईप करणं तिच्याकडे, माझी बोटं जाड आहेत. जहाज दिसलं. मी मोठ्या जातीचं धरलं, छत्तीस मीटर, त्यात दोन मीटर माया, अडतीस. रेघा दोन. म्हणालो, "एकोणीसशे." तिने टाईप केलं. टॉर्पेडो गेला आणि जहाज मधोमध फुटलं. मी खुर्चीतून उठलो तो गुडघा आपटला.

नंतर पाहिलं तर पडद्यावरच्या अंतराच्या तबकडीवर चौदाशे होते. यंत्र आपल्या मनाने आकडा सुधारून घेतं असं दिसतं. नातीला विचारलं. ती म्हणाली, "घेतात आजोबा, काही यंत्रं घेतात," आणि आजीकडे बघून हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

एका दुपारी चार जहाजं. नजर परत आली.

गुरुवार, १३ मार्च

जेवताना चिरंजीवांसमोर सांगितलं की तीन दिवसांत मी चौदा जहाजं बुडवली. ते म्हणाले, "बाबा, कोट बुडवू नका म्हणजे झालं."

मी भात बाजूला सारला. म्हणालो, तीस तारखेला मंडळाची स्पर्धा आहे. पाच जहाजं दाखवतात, अंतर तोंडी सांगायचं, सर फळ्यावर लिहितात, मग खेळात खरं अंतर बघतात. दहा मीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. पाचपैकी तीन अंतरं बरोबर आली तर कात्री माझी आणि कोट माझा. नाही आली तर मी स्वतः कापड उचलून बटणाच्या दुकानात नेऊन देईन आणि पुन्हा टेबलाला हात लावणार नाही.

बोलून गेलो. शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं.

चिरंजीव म्हणाले, "ठरलं." ही म्हणाली, "अहो, कोटाचा आणि जहाजाचा काय संबंध?" आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. अशा गोष्टी बायकांना समजावून सांगणं अवघड असतं.

सोमवार, १७ मार्च

मंडळात आज सरांशी वाद. ते म्हणाले, अंतराचा संबंध नजरेशी नसून कोनाशी आहे. मी म्हणालो, तुमच्या पँटच्या डाव्या पायाची शिवण एक बोट वर आहे, हे मी कोन न मोजता सांगतो. सगळ्यांनी वाकून पाहिलं. खरंच वर होती. सर उरलेली बैठक पाय खुर्चीखाली घेऊन बसले. अध्यक्षांनी हा प्रसंग इतिवृत्तात "उपयुक्त चर्चा" म्हणून नोंदवला.

घरी आल्यावर तीन जहाजं बुडवली. हिने मध्येच विचारलं, "तुम्ही दरवेळी मोठ्ठंच जहाज का धरता?" मी कारण सांगितलं. ती म्हणाली, "घाबरलेल्या माणसाला गिऱ्हाईकही पैलवानच दिसणार." कुणाबद्दल म्हणाली कोण जाणे. मग वर म्हणाली, "जहाजाच्या अंगावरची होडी बघायची. जीव वाचवायला टांगलेली असते ना, ती. ती सगळ्यांची सारखीच असते. त्यावरून बाकीचं किती ते कळतं."

मी म्हणालो, हे तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, "कुणी कशाला सांगायला पाहिजे? माणसाचा तळहात बघून बाहीची लांबी कळतेच की." तिला धंद्यातलं बरंच ऐकून माहीत आहे.

शनिवार, २२ मार्च

ही काल बहिणीकडे गेली. चार दिवस राहणार. माझा सराव ऐन रंगात आलेला असताना लोकांना बहिणी आठवतात.

काल नऊ टॉर्पेडो, आज सात. सगळे फुकट. आकडे मीच टाईप केले, अगदी सावकाश, एका बोटाने. जे सांगितलं तेच टाकलं. सगळे जहाजापलीकडे कुठेतरी गेले. कॉम्प्युटरला ओल धरली असेल म्हणून पंखा त्याच्याकडे फिरवला. पडदा पुसला. खुर्ची तिच्या जागेवर सरकवून पाहिली, मग माझ्या जागेवर.

नात आली होती. तिने थोडा वेळ उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, आजी असते तेव्हा आकडे कोण टाकतं?"

"ती. पण सांगतो मी."

"बरं," म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मी तिचा आजोबा आहे. डोक्यावरून हात मी फिरवायचा असतो.

सोमवार, २४ मार्च

बावीस टॉर्पेडो, शून्य जहाजं. रक्तदाब लिहीत नाही. आकडा बघून वाढतो.

एक गोष्ट मनात येते आणि मी ती लिहिणार नव्हतो. ही असली की लागतात. ही नसली की लागत नाहीत. आणि कोटही तेव्हाच बिघडले, जेव्हा ही दुकानात नव्हती. पण माझी खात्री आहे की याचं कारण चहा आहे. ती असली की चहा वेळेवर होतो, मन स्थिर राहतं. आज स्वतः दोनदा चहा केला. पहिला उतू गेला. दुसरा पिऊन पुन्हा टॉर्पेडो सोडला, तोही गेला पलीकडून.

बुधवार, २६ मार्च

ही आली. मी काही न बोलता खुर्ची पुढे केली. पाचपैकी पाच.

मग मंडळात स्पर्धेचे नियम वाचले गेले आणि मी ते दुसऱ्यांदा वाचायला लावले. स्पर्धकाने एकट्याने बसायचं. मदतनीस चालणार नाही. अपवाद एकच, ज्याला वही वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायला माणूस मिळेल, पण तसा लेखी अर्ज द्यावा लागेल, कारणासहित. सरांची वही परदेशी जहाजांच्या नावांनी भरलेली आहे, आणि ती नावं त्यांनी इंग्रजीत लिहिली आहेत.

म्हणजे मॅट्रिक सोडून द्यायची.

शुक्रवार, २८ मार्च

दोन दिवस विचार केला. वाटलं, एकट्याने बसावं, लोकांत अब्रू राहील. मग ते निळं कापड डोळ्यांपुढे आलं आणि त्यावर बटणाचा खडू.

अर्ज लिहिला. "मला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. शिक्षण चौथी. पत्नीस ती येतात, तरी तिला सोबत बसू द्यावे." खाली सही केली. हिने वाचला आणि म्हणाली, "एवढं लिहायची काय गरज होती? डोळे दुखतात म्हणाला असतात." मी म्हणालो, डोळे उत्तम आहेत असं डॉक्टरांनी लिहून दिलंय, मी खोटं कसं बोलू? तिने सुईदोरा आणला. माझ्या शर्टाचं सैल झालेलं बटण तिथेच बसून लावून दिलं.

सोमवार, ३१ मार्च

काल स्पर्धा झाली.

वाचनालयात पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्षांनी लाऊडस्पीकर आणला होता. त्याची गरज नव्हती, पण आणल्यावर वापरावा लागतो, म्हणून त्यांनी माझा अर्ज त्यातून वाचून दाखवला. "शिक्षण चौथी" हे शब्द रस्त्यापर्यंत गेले असतील. चिरंजीव मागच्या रांगेत बसले होते. सर माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांच्या पँटच्या शिवणीकडे.

पहिलं जहाज. हिने उंची वाचली आणि हळूच म्हणाली, "अहो, धुराडं एकच आहे. लहान जातीचं आहे हे." मी म्हणालो, मला दिसतंय. आणि मोठ्याने सांगितलं, "तीन हजार." खरं निघालं एकवीसशे पन्नास.

दुसरं जहाज. ती गप्प बसली. मी म्हणालो, "सव्वीसशे." निघालं एकोणीसशे. मागे कुणीतरी खोकलं. मला चिरंजीवांचा खोकला ओळखता येतो.

आता उरलेली तिन्ही यायला हवी होती. तिसरं जहाज धुक्यात होतं. मी रेघा मोजल्या, दोन. मनात एकोणीसशे तयार होते, मायेसकट. पण तोंड उघडेना. माझी मान आपोआप हिच्याकडे वळली. विचारायला नाही. नुसती वळली.

ही एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून पडद्याकडे बघत होती. असं बघताना मी तिला हजारदा पाहिलंय. दुकानात मशीनच्या मागून, दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे ती असंच बघते. मला वाटायचं तिचा एक डोळा दुखतो.

ती पुटपुटली, "चौदाशे."

मी म्हणालो, "चौदाशे." मोठ्याने म्हणालो.

खरं निघालं चौदाशे वीस. टाळ्या पडल्या. सर उठले. म्हणाले, "हरकत आहे. मदतनीस फक्त वाचायला आहे."

ही म्हणाली, "मी वाचूनच सांगतेय, सर."

"वहीत चौदाशे कुठे लिहिलंय, दाखवा."

"वहीत नाही. जहाजावर लिहिलंय."

अध्यक्षांनी नियम लाऊडस्पीकरवरून पुन्हा वाचला. वाचून दाखवायला माणूस मिळेल, एवढंच होतं. काय वाचायचं ते नव्हतं. त्यावर मतदान झालं. पाच माजी अध्यक्षांनी पाच भाषणं केली आणि हरकत फेटाळली गेली. मला वाटतं ती भाषणं संपावीत म्हणूनच फेटाळली गेली.

चौथं जहाज मी सांगितलं तेवढंच निघालं. पाचवं तीस मीटरने चुकलं, पण नियमात बसलं. पाचात तीन. शेवटी माझी नजर बसली. आवाज तर सगळ्यांनी ऐकला, माझाच होता.

घरी आल्यावर चिरंजीवांनी कपाट उघडलं. कात्री माझ्या हातात दिली, पण बघत होते आईकडे. आजकालच्या मुलांना कुणाचं अभिनंदन करावं ते कळत नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

आज कोट कापला.

दुपारी दुकान बंद असताना बसलो. नातजावई येऊन उभा राहून गेला होता. चिरंजीवांना मी बाहेर पाठवलं. मग दाराला कडी घातली.

ही म्हणाली, "कडी कशाला घातलीत?"

मी म्हणालो, कुणी आलं तर.

"पंचेचाळीस वर्षं दार उघडंच होतं," ती म्हणाली. "कुणी काही बोललं नाही."

मी घडी उलगडली. कापड पसरलं. एवढं निळं एकदम टेबलावर पसरलं की त्या खेळातल्यासारखंच काहीतरी धरून उभं राहावं लागतं. खांद्याची रेघ ओढली. लांब उभा राहून पाहिली. दोन बोटं जास्त होती. पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा दोन बोटं. माझा हात आपला आपणच बाहेर जातो, असं मला पहिल्यांदा दिसलं. कापड कमी पडेल या भीतीने तो जातो. बोलून थांबत नाही. तिसऱ्यांदा पुसल्यावर त्या जागी पांढरा ढग झाला.

खडू तिच्यापुढे धरला. म्हणालो, "रेघा तूच ओढ. आज खडू नीट चालत नाहीये."

"खडूच ना?"

"खडूच."

तिने ढग झटकला. एक डोळा मिटून दाराकडे पाहिलं, जिथे सकाळी तो मुलगा उभा होता, तिथे. मग एका दमात खांदा, बाही जोडायचा मुंढा आणि पाठ ओढून मोकळी झाली. माझ्या आधीच्या रेघेच्या दोन बोटं आत. तिने हे आधीही माझ्यासमोर असंच केलं असणार. मी तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलत असेन. मी खूप बोलायचो.

मग मी कापलं. जाड कापड, एकाही ठिकाणी कात्री अडली नाही, उचलली नाही. मनगट मोडल्यापासून तिला असं कापड कापवत नाही, म्हणजे कापायला माणूस लागतोच. हे मी तिला बोलून दाखवलं नाही, पण इथे लिहून ठेवतो.

कापून झाल्यावर चिरंजीवांना आत घेतलं. त्यांनी खांद्याचा तुकडा उचलून बघितला आणि विचारलं, "कुणी आखलं?"

मी म्हणालो, "मी कापलं."

ते म्हणाले, "तेही छान आहे."

सोमवार, २१ एप्रिल

काल लग्न झालं. कोट अंगावर असा बसला होता की मला तीनदा जवळ जाऊन खात्री करावी लागली. नातजावई म्हणाला, "आजोबा, हात वर केला तरी खांदा हलत नाही." मी म्हणालो, हलणारच नाही. मंडळ सगळं आलं होतं, टोप्या घालून. रंगावर एकमत न झाल्यामुळे प्रत्येकाची वेगळी होती. सर पँट दुरुस्त करून आले होते. लोक मला विचारत होते, मास्तर, अजून नजरेनेच का? मी मान हलवत होतो. हलवताना ती कुठल्या बाजूला हलते आहे याकडे मी फारसं लक्ष दिलं नाही.

बटणही आला होता. त्याने नवऱ्या मुलाच्या मागे उभं राहून पाठीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. माझ्यापाशी येऊन वाकला आणि म्हणाला, "मास्तर, छान." एवढंच. मग हिच्याकडे गेला, "काकू" म्हणून खुर्ची ओढून बसला आणि चांगली पंधरा मिनिटं बोलत होता. मध्येच त्याने एक डोळा मिटून अंगठा समोर धरला. तिने त्याचा अंगठा थोडा खाली केला.

घरी आल्यावर मी सहज विचारलं, एवढं काय बोलत होता तो?

ही म्हणाली, "जुना विद्यार्थी आहे, बोलणारच."

मी म्हणालो, "विद्यार्थी माझा. सात वर्षं माझ्याकडे शिकला."

"हो तर," ती म्हणाली. "कात्री तुमच्याकडेच शिकला."

बाकीचं कुणाकडे, ते मी विचारलं नाही. ती दमली होती, आणि मला उत्तर ऐकू आलं असतं.